देवगाव फाट्याच्या अलीकडचा झटका

किसन, तुझ्या गाडीचा झटका सापडला.

तू गेलास त्याच्या पाचव्या दिवशी सापडला. पाच दिवस आधी सापडला असता तर मी धावत तुझ्या दारात आलो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण मला माझा स्वभाव माहीत आहे. आलो असतो, चहा घेतला असता, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या असत्या आणि मूळ गोष्ट न सांगताच परत गॅरेजवर गेलो असतो.

तुझ्या सुजाताने मला चार कोरे कागद आणून दिलेत. तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांत आणि गावात वाटायची, असं तिच्या मनात आहे. म्हणाली, काका, तुम्ही बाबांचे सगळ्यात जुने मित्र, अर्धं पान तरी लिहा. मास्तरीण आहे ना, त्यामुळे मुद्देही तिनेच काढून दिलेत: जन्म, बालपण, कष्ट, स्वभाव. जन्म आणि बालपण तुझा मेव्हणा लिहील, त्याला तारखा पाठ असतात. कष्ट गावाने पाहिलेत. स्वभावावर लिहायला मी बसलो आणि दोन ओळींतच कळलं, की तुझा स्वभाव सांगायचा तर आधी माझा सांगावा लागतो. ते अर्ध्या पानात बसत नाही. तिला छापायचं तेवढं ती छापेल, मी सगळं लिहून देतो.

पाथरीच्या जीपलाइनवर आपली ओळख झाली तेव्हा मी दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला होतो. गाड्या दुरुस्त करत होतो, पण गाडी चालवता येत नव्हती. हे तुला कळलं तेव्हा तू इतका हसलास की मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइनवर शीट, म्हणजे प्रवासी, नव्हतं, तर तूच जीप घेऊन दारात उभा. मानवतच्या रस्त्याला नेलंस आणि मला स्टिअरिंगवर बसवलंस. मी आयुष्यात पुष्कळ लोकांकडून काही ना काही शिकलो, पण माझ्यावर न ओरडता शिकवणारा तू एकटाच. हाताचं तुला काही विशेष वाटायचं नाही. "दिग्या, हात काय, कुणाचेबी फिरतेत. पायाला कळलं पायजे गाडीला काय व्हायलंय," असं म्हणायचास. तुझा उजवा पाय मी तेव्हापासून पाहत आलोय. खड्डा यायच्या आधी तुझा पाय हलका व्हायचा, मागे बसलेल्या म्हातारीला कळायचंही नाही की खड्डा येऊन गेला.

मग माझं स्वतःचं गॅरेज झालं आणि पहिल्याच वर्षी मी जॅक सरकून हात मोडून घेतला. प्लास्टर महिनाभर होतं. तू तुझ्या फेऱ्या सोडून रोज सकाळी यायचास आणि मी सांगेन तो नट खोलायचास. पान्ह्याची आणि तुझी कधी दोस्ती झाली नाही. डावीकडे म्हटलं की उजवीकडे फिरवायचास. मी खुर्चीत बसून गिऱ्हाइकांसमोर तुला वाटेल ते बोलायचो, आणि तू काय म्हणायचास? "तू सांगशील तसं." महिनाभर हेच एक वाक्य. एवढं बोलून घेऊनही दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. त्याबद्दल मी तुझे आभार मानल्याचं मला आठवत नाही. आपल्यात कुठे आभार मानतात, असं म्हणून मी मोकळा झालो होतो.

पुढे तू पिकअप घेतलीस तीही मला दाखवून. जुनी होती, पांढरी, डाव्या दाराला पोचा आलेली. मी खाली शिरलो, इंजिन ऐकलं, "घे" म्हणालो आणि तू घेतलीस. तुझ्या गाडीला माझ्याशिवाय दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला नाही. मी चारचौघांत ते मिरवायचो. किसनचा माझ्यावर किती विश्वास आहे बघा म्हणायचो. आज वाटतं, एकदा तरी ती सेलूला नेऊन दुसऱ्या कुणाला दाखवली असतीस तर बरं झालं असतं. तो मिस्त्री माझ्यापेक्षा अडाणी असता तरी चाललं असतं. त्याने निदान टाकी उघडून पाहिली असती.

गेल्या पावसाळ्यात तुझ्या गाडीच्या डिझेलमध्ये पाणी आलं. तू गाडी आणलीस, मी टाकी खाली उतरवली, धुतली, पुसली, उन्हात वाळवली आणि परत बसवली. माझ्याकडच्या कॅनमधलं डिझेल ओतलं आणि तुला म्हणालो, जा आता, पाच वर्षं बघायला नको. पंधरा दिवसांनी तू परत आलास. चेहऱ्यावर काही नव्हतं, तुझ्या चेहऱ्यावर कधी काही नसायचंच. म्हणालास, गाडीला उचकी लागल्यावानी व्हायलंय. सेलूच्या पुढे गेलं, देवगाव फाटा जवळ आला, की पाय दाबला तरी गाडी पुढे जात नाही, झटके मारते. फाट्यावर थांबून चहा घेतला की परत ठणठणीत.

मी गाडी घेऊन गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आलो. लोण्यासारखी पळाली. तरी डिझेलचा फिल्टर बदलला. तू आठ दिवसांनी परत आलास. मी परत पुलापर्यंत गेलो, परत काही नाही. इंजेक्टर काढून साफ करून आणले. तू परत आलास. क्लच उघडला. मागच्या शाफ्टचा सांधा बदलला. इंजिनाखालचे रबर बदलले. टाकी सोडून गाडीतलं सगळं उघडलं. टाकी का नाही? ती मी स्वतःच्या हाताने धुतली होती म्हणून. तिच्यात काय बघायचं?

मग मी चेष्टा सुरू केली. गॅरेजवर कुणीही बसलेलं असो, मी म्हणायचो, किसनच्या गाडीला फाट्यावरच्या चहाची चटक लागलीय, हॉटेल दिसलं की अडते. लोक हसायचे, तूही हसायचास. तुझं ते हसणं मी खरं धरलं. एकदा सगळे उठून गेल्यावर तू हळूच म्हणालास, "दिगू, टाकी धुतल्यापासून हे सुरू झालंय बघ."

यापेक्षा जास्त तू काही बोलला नव्हतास. आरोप केला नव्हतास, आवाज चढवला नव्हतास. आणि मी हातातला पान्हा फरशीवर आपटला. म्हणजे माझ्या हाताने बिघडली का, इतकी वर्षं तुझी गाडी कुणी चालती ठेवली, जा मग दुसरीकडे, असं काय काय बोललो. तू खाली वाकून पान्हा उचललास, कपाटावर ठेवलास आणि म्हणालास की मी आपलं सहज म्हणलो. त्यानंतर टाकीचा शब्द तू कधी काढला नाहीस. आपलं भांडण एवढंच. ते पूर्ण भांडून झालं असतं तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

दिवाळी होऊन गेली, कापूस वेचणीचे दिवस होते. एके सकाळी तुझा फोन आला, फाट्याच्या अलीकडे गाडी लय झटके मारायलीय, आता हाय तशी बघायला ये. मी एका जीपमध्ये बसून आलो, त्याला तासभर गेला. तोवर तू गाडी कशीबशी फाट्यावर आणून हॉटेलसमोर लावली होतीस. भोवती चार-पाच पिकअपवाले आणि जीपवाले जमले होते. मी किल्ली घेतली, सेलूच्या बाजूला दोन फेऱ्या मारल्या. झटक्याचं नाव नाही. मग म्हणालो, आता तू चालव, मी शेजारी बसतो. तू चालवायला लागलास आणि मी तुझ्या पायाकडे पाहत राहिलो.

किसन, तुझा पाय थरथरला. मला तसं दिसलं. ॲक्सिलरेटरवर तुझी चप्पल जराशी हलली. तासभर उन्हात उभा राहिलेला माणूस, एवढ्या लोकांसमोर खोटा ठरायची पाळी आलेली, आणि शेजारी मी डोळे वटारून बसलेलो. कुणाचाही पाय हलला असता. पण मला उत्तर हवं होतं आणि ते मिळालं होतं. तुला शुगर होती. शुगरने पाय बधिर होतो, हे मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. दोन आणि दोन चार करायला मला फाट्यापर्यंतचाही वेळ लागला नाही.

मी तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. मी खाली उतरलो, दार लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गाडी नीट हाय. ह्याचा पाय हालायलाय."

कुणीतरी हसलं. हॉटेलवाल्याने तुला पाणी आणून दिलं. तू पाणी प्यायलास आणि आपल्या पायाकडे पाहिलंस. आजारी लेकराकडे बघावं तसं. मला त्या क्षणी खरंच बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. तीन महिने न सुटलेलं कोडं सुटलं होतं आणि दोष माझ्या कामात नव्हता. तुझी काळजी होतीच, नव्हती असं नाही. उद्या हा माणूस कुणाला तरी घेऊन खड्ड्यात जाईल, ही भीतीही मनात होती. पण काळजीच्या आधी बरं वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे. फाट्यावरची गोष्ट तुझ्या आधी पाथरीत पोचली. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका तुझ्या गाडीत झोपा काढत जायच्या, त्यांच्या मुकादमाने दुसरी गाडी लावली. आडतीवाल्याने पोती दुसऱ्याकडे दिली. कुणी तुला तोंडावर काही बोललं नाही, फक्त मिस्त्रीच म्हणलाय म्हटल्यावर विषय संपायचा. मग तूच एके दिवशी गाडी घरासमोर लावलीस आणि वरून ताडपत्री बांधलीस. मी म्हणालो, अरे, जवळच्या फेऱ्या तरी मार. तू म्हणालास, बायामाणसं बसतेत गाडीत, कुणाला काय झालं तर. मी मान हलवली. समजूतदार आहे म्हणून मनातल्या मनात तुझं कौतुकही केलं.

तरी तू गॅरेजवर येत राहिलास. जुन्या टायरवर बसून पेपर वाचायचास, माझ्या गिऱ्हाइकांना पाणी द्यायचास, दुसऱ्यांच्या गाड्या येताना-जाताना बघायचास. दर रविवारी ताडपत्री काढून आपली गाडी दहा मिनिटं सुरू ठेवायचास, म्हणजे बॅटरी उतरू नये. विकायचं कधी काढलं नाहीस. एकदा पेपरमधून डोकं न काढताच म्हणालास, "एक डाव सेलूच्या पुढं चल माझ्या संगं. मी चालवतो. तू निस्ता बस."

मी रविवारी जाऊ म्हणालो. त्या रविवारी एका ट्रॅक्टरचं काम निघालं. पुढच्या रविवारी लग्न होतं. तू महिनाभराने पुन्हा विचारलंस, तेव्हा मी म्हणालो की आता ते कामून उकरून काढायलास, तब्येत सांभाळ. तू बरं म्हणालास आणि पेपरचं पान उलटलंस. सेलूच्या पुढे जायला लागतो किती वेळ? सकाळी निघालो असतो तर जेवायला घरी असतो.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोच्या खाली होतो. परभणीला नेईपर्यंतही तू थांबला नाहीस. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. लोक लय होते एवढं सांगतो. देवगाव फाट्याचे सगळे ड्रायव्हर आले होते.

सहाव्या दिवशी तुझा जलदान विधी ठरला. आदल्या दिवशी खुर्च्या आणि मोठी भांडी फाट्यावरच्या मंडपवाल्याकडून आणायची होती. मी एक टेम्पो सांगतो म्हणालो, तर रमावहिनी म्हणाल्या, त्यांची गाडी दारात असताना दुसऱ्याची कशाला, तुम्हीच घेऊन जा. मी ताडपत्री सोडली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. तुझ्या सीटवर तू टॉवेलची घडी ठेवलेली होतीस, ती मी बाजूला केली नाही, तिच्यावरच बसलो.

सेलूपर्यंत काही नाही. सेलू मागे पडलं, ऊन चढलं होतं, रस्ता मोकळा होता, मी तुझ्याच विचारात होतो, आणि गाडीने झटका मारला. मी आधी माझ्या पायाकडे पाहिलं. पाय होता तिथेच होता, दाबलेला. दुसरा झटका, तिसरा. पाय खाली चाललाय आणि गाडी मागे ओढतेय. अगदी तू म्हणायचास तशी, उचकी लागल्यासारखी. मग इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. मी गाडी कडेला घेतली आणि कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिलो. उतरायची हिंमत होईना. उतरलो की सापडणार, हे मला कळलं होतं.

फिल्टरजवळची नळी सोडली आणि हाताने पंप मारला. डिझेलचा थेंब नाही. टाकीत डिझेल असूनही. चार-पाच मिनिटं थांबून परत पंप मारला, तर धार लागली. यापुढे मिस्त्री असायची गरज नाही. टाकीत काहीतरी तरंगत होतं. गाडी अर्धा-पाऊण तास पळाली की ओढीने ते नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीला जाऊन चिकटायचं आणि डिझेल अडायचं. गाडी बंद झाली, ओढ थांबली, की सुटून बाजूला व्हायचं. तू चहा पीत होतास तेवढ्यात ते सुटत होतं. मी पुलापर्यंत जाऊन येत होतो तेवढ्यात ते चिकटतच नव्हतं.

दोन-तीन किलोमीटरवर फाटा होता. गाडी आता सुरू झाली असती, तिथे नेऊन सगळ्यांसमोर टाकी उघडता आली असती. मी नेली नाही. तिथेच एका कडुलिंबाखाली गाडी घेतली आणि एकट्याने टाकी उतरवली. डिझेल थोडंच होतं, जड गेलं नाही. वरचं झाकण काढून हात घातला आणि बोटांना प्लास्टिकची पन्नी लागली.

तळहाताएवढी पन्नी, डिझेलने पिवळी पडलेली, हिरव्या रेघांची. तिच्यावर कॅनच्या तोंडाचा गोल ठसा अजून तसाच होता. आपल्याकडे डिझेलच्या कॅनचं झाकण कधी घट्ट बसत नाही. म्हणून आपण सगळेच कॅनच्या तोंडावर पन्नीचा तुकडा ठेवून वरून झाकण आवळतो. शेतकरी तेच करतो, ड्रायव्हर तेच करतो, मीही तेच करतो. ओतताना आधी पन्नी काढायची असते, एवढंच ध्यानात ठेवायचं असतं. हिरव्या रेघांची पिशवी माझ्या गॅरेजशेजारच्या मिठाईवाल्याची. त्या दिवशी टाकी धुऊन, पुसून, वाळवून झाल्यावर मी गप्पा मारत झाकण काढलं आणि कॅन उलटा केला. पन्नी डिझेलबरोबर आत गेली. तू शेजारी उभा होतास, टाकीचं झाकण हातात धरून.

टाकी धुतल्यापासून सुरू झालंय, असं तू म्हणाला होतास.

मला त्या लिंबाखाली तुझाही राग आला, खोटं कशाला बोलू. तू भांडला का नाहीस? तो पान्हा उचलून माझ्या डोक्यात का घातला नाहीस? बत्तीस-तेहतीस वर्षं पायाने गाडी ऐकणारा माणूस तू, एका पुलापर्यंत जाऊन येणाऱ्या मिस्त्रीचं कशाला खरं मानलंस? मी हे मोठ्याने बोलत होतो. रस्त्याने एक मोटारसायकलवाला गेला, त्याने वळून पाहिलं. मग मी टाकी बसवली, पन्नी खिशात घातली आणि फाट्यावर गेलो. खुर्च्या भरताना एकाने विचारलं, गाडी कशी चालली? मी चांगली चालली म्हणालो. येताना गाडी भरलेली होती आणि घरापर्यंत एकदाही अडली नाही.

जलदानाच्या दिवशी सगळं रीतीने झालं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, भंतेजी बोलले, तुझा मेव्हणा बोलला. मग माझं नाव घेतलं. मी उभा राहिलो. पन्नी खिशातच होती. फाट्याचे ड्रायव्हर तिसऱ्या रांगेत बसले होते, तेच, त्या दिवशीचे. मी म्हणालो, किसन लय चांगला माणूस होता, त्याच्यासारखा मित्र पुन्हा मिळायचा नाही, आणि बसलो. लोकांना वाटलं मला गहिवरून आलं. जेवणं झाल्यावर त्यातला एकजण माझ्याजवळ हात धुता-धुता म्हणाला, पायाचा त्रास निघाला नसता तर अजून दहा वर्षं गाडी चालवली असती बिचाऱ्यानं. मी हो म्हणालो. किसन, मी हो म्हणालो.

म्हणून हे लिहितोय. सुजाता, हे तू वाचशील तेव्हा एक कर. बाकी काही छापू नको, पण एवढं छाप, की किसनच्या गाडीत दोष होता, तो दिगंबर मिस्त्रीच्या हाताने झाला होता आणि त्याने तो किसनच्या पायावर ढकलला. फाट्यावर मी स्वतः जाऊन वाटेन.

परवा दुपारी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी सुपात डाळ निवडत होत्या. मी ती पन्नी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. टाकी, कॅन, लिंबाचं झाड, तुझं ते एक वाक्य, माझा पान्हा. मान खाली घालून सांगत होतो. वाटलं होतं की त्या रडतील, मला बोलतील, घालवून देतील. मला तेच हवं होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पन्नी हातात घेतली, गुडघ्यावर पसरून बोटाने सरळ केली.

मग म्हणाल्या, "गाडी बंद केल्यापसून रोज सकाळी बाजेवर बसायचे भावजी. उजवा पाय भुईवर दाबून धरायचे, गाडीत धरल्यावानी. आन मला म्हणायचे, रमा, बघ बरं, हालायलाय का?"

मी विचारलं, मग?

"मी खाली बसून बघायचे. न्हाई हालत म्हणायचे. रोज म्हणायचे. तर म्हणायचे, तुला काय कळतंय, दिगू म्हणलाय म्हणजी हालत आसंल."

किसन, तुझा पाय हलत नव्हता.